रक्तरसाची साक्ष

परक्या देहातून आणलेला अवयव आपला देह का झिडकारतो, या प्रश्नाचा निकाल विसाव्या शतकाच्या मध्यास बहुतेक विद्वानांनी एकतर्फी लावून टाकला होता. परकी गाठ नाकारणाऱ्या उंदरांच्या रक्तरसात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात, हे पीटर गोरर यांनी 1937 साली लंडनमध्ये दाखवून दिले होते खरे; परंतु पुढे रोपणशास्त्रज्ञ मेडावर यांचे शिष्य मिचिसन यांनी ही प्रतिक्षमता एका उंदरातून दुसऱ्यात लसीका ग्रंथींच्या पेशींबरोबर जाते, रक्तरसाबरोबर जात नाही, असे सिद्ध केले, आणि रक्तरसाचा दावा जणू दफ्तरी दाखल झाला.

तो पुन्हा उभा राहण्यास जो पहिला आधार लाभला, तो रुग्णालयात नव्हे, तर ओहायो राज्य विद्यापीठातील कुक्कुटपालनाच्या विभागात. कोंबडीच्या गुदद्वारापाशी असलेली एक लहानशी पिशवी ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने काढून टाकली होती. त्याच कोंबड्या त्याचा सहाध्यायी चँग याने प्रतिपिंडांच्या प्रात्यक्षिकासाठी वापरल्या, तेव्हा त्यांतील बहुतेकींच्या रक्तात प्रतिपिंडे उत्पन्नच झाली नाहीत. 1956 साली हा शोध कुक्कुटशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला आणि वैद्यकाच्या नजरेस फारसा पडला नाही. 1965 साली मिनेसोटा येथे कूपर, पीटरसन व गुड यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांतूनच प्रतिक्षमतेच्या दोन स्वतंत्र शाखा दाखवल्या. त्यांपैकी त्या पिशवीवर अवलंबून असलेली, प्रतिपिंडे निर्माण करणारी शाखा म्हणजेच ज्यांना आपण आज बी पेशी म्हणतो, त्या.

इकडे शस्त्रक्रियागृहांत प्रत्यक्ष अनर्थ घडत होते. रक्तवाहिन्या जोडताच टवटवीत दिसलेले मूत्रपिंड काही वेळातच काळवंडून निकामी होई. आणि डेन्मार्कमधील किसमायर-नील्सन यांनी 1966 साली दाखवले की, याचे मूळ रोग्याच्या रक्तात आधीपासून असलेल्या प्रतिपिंडांत आहे. गर्भारपण, रक्त चढवणे किंवा पूर्वीचे रोपण यांतून ती उपजलेली असतात. महायुद्धात जपानी वंशाचा म्हणून सकुटुंब छावणीत डांबला गेलेला एक मुलगा, पॉल तेरासाकी, पुढे लॉस एंजलिस येथे रक्तरसाच्या सूक्ष्म थेंबांवर ही प्रतिपिंडे ओळखण्याची रीत तयार करता झाला. पटेल व तेरासाकी यांनी 1969 साली 225 मूत्रपिंडरोपणांचा जो हिशेब मांडला, त्यात दात्याच्या पेशींशी रोग्याच्या रक्तरसाचा विरोध दिसलेल्या 30 रोपणांपैकी 24 तत्काळ निष्फळ ठरली होती. विरोध न दिसलेल्या 195 पैकी केवळ 8.

तेव्हापासून रोपणापूर्वी ही मेळचाचणी करण्याचा प्रघात जगभर रूढ झाला आणि तो तत्काळचा अनर्थ दुर्मीळ झाला. तथापि बी पेशींचे काम तेवढ्यावर संपत नाही: दुसऱ्या शाखेतील टी पेशींच्या साहाय्याने त्या वर्षानुवर्षे स्मृती जतन करतात, आणि त्यांच्यापासून झालेल्या, अस्थिमज्जेत वसणाऱ्या प्रतिपिंडनिर्मात्या पेशी बी पेशींवरील औषधांना सहसा दाद देत नाहीत, त्यामुळे रोपित मूत्रपिंडाचा सावकाश होणारा ऱ्हास रोखणे आजही कठीण आहे. मिचिसन यांचा प्रयोग खोटा नव्हता. चूक झाली ती त्या खऱ्या उत्तरालाच संपूर्ण उत्तर मानण्यात, आणि त्या घाईची किंमत कित्येक रोग्यांनी मोजली.