चाललेली भिंत आणि पडलेली भिंत

मी मुळशी तालुक्यातल्या नेऱ्याचा. आमच्या शिवारात उभं राहिलं की हिंजवडीच्या काचेच्या इमारती दिसतात. मी त्या काचेत नाही, भातगिरणीत कामाला आहे. आठवीला शाळा सुटली. पुढचं जे काय वाचलं ते तांदळाच्या पोत्यांवर बसून, अंगावरचा कोंडा झटकत. इतिहासावर लिहिण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण एका माणसानं लिहायला भाग पाडलं.

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात पांढऱ्या कपड्यातले एक गुरुजी आले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग म्हणाले, "बारा वर्षं ध्यान केलं. आता मला माणसाचा मागचा जन्म दिसतो." बायाबापड्या सरसावून बसल्या. आमच्या बाच्या उजव्या हाताला तीन बोटं नाहीत. आईनं तोच हात पुढं करायला लावला. गुरुजींनी डोळे मिटले, उघडले, म्हणाले, "माई, यांनी मागच्या जन्मी मुक्या जनावराचा पाय तोडलाय. त्याची फेड चाललीय."

आईनं कनवटीची पन्नासची नोट काढून पुढं ठेवली. बा काही बोलला नाही. डाव्या हातानं उजवा हात झाकून बसला.

बाची बोटं गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ती एका गिरणीच्या पट्ट्यात गेली. पट्ट्याला जाळी नव्हती. जाळी बसवा म्हणून कामगारांनी दोनदा सांगितलं होतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि आता एक माणूस डोळे मिटून सांगतो की कारण गिरणीत नाही, मागच्या जन्मात आहे!

मला त्या रात्री झोप आली नाही. ही सिद्धी म्हणजे आहे तरी काय? बुद्धांनी तिच्याबद्दल काय सांगितलं? म्हणून पुस्तकं उघडली.

*

पहिल्यांदा कबूल करतो. ध्यानानं अचाट शक्ती मिळते ही समजूत दोन्ही घरांत आहे. हिंदूंकडं अष्टसिद्धी आहेत : अणिमा म्हणजे अणूएवढं होणं, लघिमा म्हणजे हलकं होणं, वशित्व म्हणजे दुसऱ्याला ताब्यात ठेवणं, अशा आठ. पतंजलीच्या योगसूत्रातला तिसरा पादच विभूतींचा. आपल्याकडं त्याला पालीत इद्धी म्हणतात. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात यादीच आहे. एकाचे अनेक होणं, भिंतीतून आरपार जाणं, पाण्यावर चालणं, पक्ष्यासारखं उडणं, चंद्रसूर्याला हात लावणं. पूर्वजन्मांची आठवणही तिथंच आहे. श्रावस्तीचा चमत्कार अजिंठ्यात कोरलेला आहे. तेव्हा 'आमच्याकडं असलं काही नव्हतंच' असं छाती ठोकून सांगू नका. कुणी ग्रंथ पुढं टाकला तर तोंडावर पडाल.

आणखी एक कबूल करतो. पतंजलीसुद्धा म्हणतो की या सिद्धी समाधीच्या वाटेतला अडथळा आहेत. म्हणजे शहाण्यांना दोन्हीकडं धोका कळलेला होता. फरक कुठं पडला? बुद्ध नुसते सावध करून थांबले नाहीत. त्यांनी नियम केला आणि मोडणाऱ्याला शिक्षा ठेवली.

विनयपिटकात राजगृहाची गोष्ट आहे. एका शेठनं चंदनाचं भिक्षापात्र करवलं आणि उंच बांबूवर टांगलं. जो अर्हत आणि इद्धिमान असेल त्यानं उतरवावं, पात्र त्याचं. भिक्खू पिंडोल भारद्वाज हवेत उडाला, पात्र घेतलं आणि शहराभोवती तीन घिरट्या घातल्या. लोक आरडाओरडा करत मागं धावले. बुद्धांच्या कानावर गलका गेला. त्यांनी पिंडोलाला बोलावलं. शाबासकी दिली का? नाही. एका लाकडी भांड्यासाठी तू हे केलंस, म्हणून सगळ्यांदेखत खडसावलं. पात्र फोडायला लावलं, त्याची पूड भिक्खूंच्या डोळ्यांच्या अंजनात घालायला सांगितली. आणि नियम केला : गृहस्थांपुढं इद्धीचं प्रदर्शन करायचं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली, कारण ती भुकेची आहे. वज्जींच्या मुलखात दुष्काळ पडला. वग्गुमुदा नदीच्या काठच्या भिक्खूंनी युक्ती काढली. गावकऱ्यांपुढं एकमेकांची खोटीच तारीफ सुरू केली. हा अमुक ध्यान मिळवलेला, तो तमुक विद्या मिळवलेला. लोकांनी स्वतःच्या पोराबाळांच्या तोंडचा घास काढून त्यांना दिला. बाकीचे भिक्खू वाळून काटकी झालेले आणि हे गुटगुटीत! बुद्धांनी ओळखलं. तिथनं चौथा पाराजिक आला. पाराजिक म्हणजे संघातून कायमचं बाहेर काढणारा अपराध. असे चारच आहेत : मैथुन, चोरी, मनुष्यहत्या आणि अलौकिक शक्तीचा खोटा दावा. मित्रांनो, ही रांग नीट बघा. गरिबाचा घास खाणारं खोटं बुद्धांनी खुनाच्या पंगतीला बसवलं. आणि दावा खरा असला तरी गृहस्थांपुढं तो बोलून दाखवणं हाही दोषच, असा वेगळा नियम आहे.

केवट्टसुत्त तर प्रत्येक शाखेत वाचलं पाहिजे. नालंद्याचा केवट्ट म्हणाला, एखाद्या भिक्खूला चमत्कार करायला लावा, गावाची श्रद्धा वाढेल. बुद्धांनी सांगितलं, चमत्कार तीन प्रकारचे. एक इद्धीचा, दुसरा परक्याच्या मनातलं ओळखण्याचा, तिसरा शिकवणुकीचा. पहिल्या दोघांची मला शिसारी येते, कारण न मानणारा म्हणेल की ही कुठली तरी विद्या आहे, मंत्र आहे. माणूस शिकतो आणि बदलतो, हा तिसरा चमत्कार खरा. त्याच सुत्तात एक भिक्खू प्रश्न घेऊन देवांच्या एकेका लोकात चढत थेट ब्रह्मदेवापर्यंत जातो. ब्रह्मदेव आधी आपल्याच पदव्या ऐकवतो. मग त्याचा दंड धरून बाजूला नेतो आणि हळूच सांगतो : मलाही ठाऊक नाही, पण या देवांसमोर कसं बोलू? हे वाचलं आणि मी पोत्यावर एकटाच हसलो.

आणि मागचा जन्म? मोळियसीवक नावाच्या परिव्राजकानं बुद्धांना नेमकं हेच विचारलं होतं. माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मानं, असं काही लोक म्हणतात, तुमचं काय? बुद्धांनी कारणं मोजून दाखवली. पित्त, कफ, वात, तिन्हींचा बिघाड, ऋतू, अवघड वागणूक, बाहेरचा आघात, आणि शेवटी कर्म. सगळंच पूर्वकर्मावर ढकलणारे डोळ्यांदेखतचं सोडून बोलतात, असं ते म्हणाले. गिरणीचा पट्टा हा बाहेरचा आघात. अडीच हजार वर्षांपूर्वी माझ्या बाच्या हाताचा निकाल लागलेला होता, पण तो आमच्या वस्तीपर्यंत पोचला नव्हता.

*

आता आपल्या मातीवर येतो. आळंदी आमच्यापासून लांब नाही. तिथं ती भिंत दाखवतात. चांगदेव हा चौदाशे वर्षं जगलेला योगी. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला आला. ज्ञानेश्वर भावंडांसह बसले होते ती भिंतच चालत सामोरी गेली. गोष्ट चांगदेवाच्या सिद्धीची जिरवते, हे मी मानतो. ही भावंडंही संन्याशाची पोरं म्हणून बहिष्कृत होती, हेही मानतो. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या ब्राह्मणांपुढं उभं राहावं लागलं आणि गोष्टीत तिथं रेडा वेद बोलला. पण मला विचारायचंय, रेड्याच्या तोंडून वेद चालतो, मग महाराच्या कानाला तो का चालत नव्हता? चमत्कारानं रेड्याला वेद दिला, माणसाला नाही दिला. व्यवस्था होती तिथंच राहिली.

आणि आता दुसरी भिंत. मंगळवेढ्याचं गावकूस. १३३८ साल. चोखोबा तिथं वेठीला होते. भिंत कोसळली आणि मजूर खाली गाडले गेले, चोखोबाही गेले. ही भिंत चालली नाही. थांबलीही नाही. सांगतात की नामदेव हाडं शोधायला गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला आणली. महाद्वारासमोर समाधी आहे. म्हणजे मेल्यावरही चोखोबांच्या हाडांना ओळखपत्र दाखवावं लागलं! ज्यांची हाडं बोलली नाहीत, त्यांची नावं त्या कथेनं विचारली नाहीत. भिंत कच्ची का होती, वेठ कुणी लावली, हेही कथेनं विचारलं नाही. चमत्काराची गोष्ट हे काम फार चोख करते. ती कारण पुसते आणि कामगाराचं नाव पुसते.

कार्ल्याच्या लेण्यांचं बघा. आपल्याकडं लेणं दिसलं की सांगतात, पांडवांनी एका रात्रीत कोरलं. कार्ल्याच्या चैत्यावर ब्राह्मी अक्षरांत सुमारे दोन हजार वर्षांपासून लिहिलंय की धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं, वेणुवासाच्या मुलानं, या घराचं दार केलं. सुताराचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. दगडात! आणि आपण त्याच्याखाली उभं राहून पांडवांची रात्र सांगतो. ज्या धम्मानं सुताराचं नाव दगडात घातलं, त्याच्या नावानं कुणी आमच्या बाचं कारण पुसायला आला तर गप्प बसायचं का?

*

पाचव्या शतकात बुद्धघोषांनी श्रीलंकेत विसुद्धिमग्ग लिहिला. त्यात दहा प्रकारच्या इद्धी सांगितल्या आहेत. दहावी वाचताना मी उठून उभा राहिलो. नीट प्रयत्न लावून केलेल्या कामाची सिद्धी, ती दहावी. हस्तकला, वैद्यकी, विद्या आणि पार नांगरणी-पेरणीपर्यंत. म्हणजे मुळशीच्या चिखलात वाकून भात लावणारी आमची आई इद्धिमान आहे. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मग ते पन्नास रुपये परत आण."

गुरुजी पुन्हा आले तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं, "गुरुजी, चौथा पाराजिक माहीत आहे का?" ते म्हणाले, "तो भिक्खूंना. मी गृहस्थ." बरोबर आहे, म्हटलं, पण २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा गृहस्थांनाही आहे. नरेंद्र दाभोलकरांचा त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्यानंतर तो कायदा आला. फार महाग पडलेला कायदा आहे. गुरुजी पाणी पिऊन निघून गेले. पन्नास रुपये काही परत आले नाहीत.

आमच्याच भागात, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. १९५७ साली, त्यांच्या मागं, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. धम्म काय नाही हे सांगताना त्यांनी पहिलंच प्रकरण अलौकिकावरच्या विश्वासाचं घातलं. मागच्या जन्माच्या कर्मानं माणूस गरीब होतो हे मानलं की राज्य आणि समाज जबाबदारीतून सुटतात, हे त्यांनी ओळखलं होतं. गिरणीमालकही सुटतो, एवढी भर मी घालतो.

ध्यानाला माझा विरोध नाही. मी स्वतः पहाटे बसतो. मन थाऱ्यावर आलं की पट्ट्याचा आवाज बदललेला आधी कळतो. एवढी सिद्धी मला पुरे.

आता मी ज्या गिरणीत आहे तिथंही एका पट्ट्याला जाळी नव्हती. आम्ही चौघांनी मागितली. तीनदा मागितली, चौथ्यांदा काम थांबवून मागितली. बसली. बा बघायला आला. त्यानं उरलेली दोन बोटं जाळीवर टेकवली आणि म्हणाला, "घट्ट हाय."

मित्रांनो, एक काम करा. आपापल्या वस्तीत कामावर जखमी झालेल्या, मेलेल्या माणसांची वही करा. नाव, बापाचं नाव, गाव, तारीख, कारण. कारणाच्या रकान्यात मागचा जन्म लिहू नका.

जयभीम.