दशांश अपूर्णांक आणि द्विमान यंत्र : एका निवडीचा इतिहास

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती अमलात आली. तत्पूर्वीचा रुपया सोळा आण्यांचा, म्हणजेच चौसष्ट पैशांचा होता. तो आता शंभर नव्या पैशांचा झाला. हिशेब सुलभ व्हावेत हा या बदलाचा हेतू होता व तो सफलही झाला. तथापि द्विमान पद्धतीने मोजणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने पाहिले असता गोष्ट नेमकी उलट आहे. आणा म्हणजे रुपयाचा १/१६ आणि जुना पैसा म्हणजे १/६४. हे दोन्ही अपूर्णांक असे यंत्र तंतोतंत लिहू शकते. नवा पैसा म्हणजे १/१००. तो त्यास तंतोतंत लिहिता येत नाही. रुपयाचे अपूर्णांक म्हणून मांडल्यास एक ते नव्याण्णव पैशांपैकी २५, ५० आणि ७५ एवढ्या तीनच रकमा त्यात अचूक बसतात. असे का व्हावे, आणि अशी पद्धती यंत्रांसाठी का पत्करली गेली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम गणिताचा भाग पाहू. अपूर्णांकास अतिसंक्षिप्त रूप दिल्यावर त्याच्या छेदाचे सर्व मूळ अवयव अंकपद्धतीच्या पायाचेही अवयव असतील, तरच त्याचा विस्तार सान्त होतो. १० चे मूळ अवयव २ व ५. म्हणून दशमान पद्धतीत १/८ हा ०.१२५ असा संपतो, १/३ मात्र संपत नाही. द्विमान पद्धतीचा पाया २ असल्याने ज्यांचा छेद २ चा घात आहे तेच अपूर्णांक तीत सान्त होतात. १/१० च्या छेदात ५ हा अवयव येतो. परिणामी त्याचे द्विमान रूप ०.०००११००११००११… असे अखंड आवर्तत राहते. जुन्या रुपयातील पैदेखील, १/१९२ असल्याने, ३ या अवयवामुळे या कसोटीस उतरत नाही. यंत्रातील जागा मर्यादित असल्याने असा विस्तार कोठेतरी छाटावाच लागतो.

हा दोष केवळ दोन या पायाचा आहे असेही नाही. बॅबिलोनमधील गणकांचा पाया ६० होता. त्यामुळे त्यांचा १/३ सान्त होता, परंतु १/७ नव्हता, आणि त्यांच्या व्यस्तांकांच्या नेहमीच्या कोष्टकांत ७ वगळलेला आढळतो. युरोपात सिमोन स्टेव्हिनच्या १५८५ मधील पुस्तिकेने दशांश अपूर्णांकांचा प्रसार केला. दशांशात जे संपते ते अचूक, ही आपली समजूत त्या सवयीतून आलेली आहे.

यंत्रांचा इतिहास पाहता द्विमान पद्धती अपरिहार्य होती असे दिसत नाही. बर्लिन येथे कोनराड झूसेने १९४१ मध्ये पूर्ण केलेले यंत्र द्विमान होते, हे खरे. परंतु १९४६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लोकांपुढे आलेले एनिअ‍ॅक हे यंत्र दशमान होते. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या, व एक दशमान अंक दर्शविण्यास दहा द्विस्थितिक मंडले खर्ची पडत. त्याच वर्षी प्रिन्स्टन येथे बर्क्स, गोल्डस्टाइन व फॉन नॉयमन यांनी आपला सुप्रसिद्ध अहवाल लिहिला. विद्युत मंडल स्वभावतःच दोन स्थितींचे असते. द्विमान अंकगणित सोपे व जलद असते. आणि ४० द्विमान अंकांत सुमारे १२ दशमान अंकांइतकी सूक्ष्मता सामावते, ही त्यांची कारणे होती. माणसांचा व्यवहार दशमानात चालतो ही अडचण त्यांनी मान्य केली; परंतु रूपांतराचे काम यंत्राकडेच सोपविता येईल, असे त्यांचे उत्तर होते.

व्यापारी जगाने हे उत्तर सहजासहजी स्वीकारले नाही. आय.बी.एम. कंपनीची ६५० व १४०१ ही यंत्रे दशमानच होती, आणि १९६४ च्या सिस्टिम ३६० मध्ये दोन्ही प्रकारच्या अंकगणिताची सोय ठेवावी लागली. १९८५ चे तरत्या बिंदूच्या अंकगणिताचे प्रमाण केवळ द्विमान होते. २००८ च्या सुधारणेत त्यात दशमान रूपांची भर पडली. बँकांचे हिशेब आजही पुष्कळदा दशमान अंकगणिताने किंवा पैशांच्या पूर्णांकांत ठेवले जातात, ते याच कारणास्तव.

या निवडीची किंमत केवळ पैशांतच मोजावी लागली असे नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे एक इराकी स्कड क्षेपणास्त्र पॅट्रियट यंत्रणेस अडविता आले नाही व २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत असे, आणि १/१० ही संख्या २४ द्विमान अंकांवर छाटलेली होती. दर मोजणीस पडणारा फरक सुमारे ०.०००००००९५ सेकंद. यंत्रणा शंभर तास अखंड चालू होती. तेवढ्या काळात ३६ लाख मोजण्या होऊन तो फरक ०.३४ सेकंदावर गेला. सर्व ठिकाणी सारखीच चूक असती, तर दोन वेळांच्या वजाबाकीत ती बहुतांशी नाहीशी झाली असती. परंतु आज्ञावलीत काही ठिकाणी अधिक अचूक रूपांतर बसविले होते, काही ठिकाणी नव्हते. सुधारित आज्ञावली धाहरानला दुसऱ्या दिवशी पोहोचली.

यावरून असे म्हणता येते की, विस्तार छाटणे हा अपघात नव्हता. १९४६ मध्ये ती जाणूनबुजून व सकारण केलेली निवड होती. त्या लेखकांना रूपांतराच्या अडचणीची जाणीव होती. पुढे यंत्रे पडद्यावर ०.१ असा निर्दोष आकडा दाखवू लागली, आणि आत काही निराळेच साठविलेले आहे हे वापरणाऱ्याच्या ध्यानातून गेले. संगणकाच्या अंकगणिताचा इतिहास शिकविणे अगत्याचे आहे, ते या विस्मरणामुळेच.