गच्चीवरची माती



गच्चीवर बाग करायची म्हटलं की पहिला प्रश्न निघतो कुंड्यांचा. माझ्या मते पहिला प्रश्न छताचा. आमच्या गच्चीखाली सासूबाईंची खोली आहे, मे महिन्यात ती भट्टीसारखी तापते. म्हणून गच्चीवर मातीचा थर देऊन हिरवळ लावावी, असं घरात चाललं होतं. त्या निमित्ताने अहमदाबादच्या एका घराबद्दल बरंच वाचलं.

जुन्या अहमदाबादेत पोळांमधल्या, म्हणजे दाट वस्तीच्या मोहल्ल्यांमधल्या, घरांचं छप्पर पाणी धरायच्या कामी यायचं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, मग नळाने खाली आणून चौकाखालच्या टाक्यात साठवायचं. पिण्याचं पाणी ते. अशा छपरावर कोणी माती पसरायला निघालं असतं, तर घरच्या बाईने त्याला जिन्यातूनच परत पाठवलं असतं!

१९५१ मध्ये ल कॉर्बुझिए हे फ्रान्समधले नामवंत वास्तुविशारद या शहरात आले. मनोरमा साराभाईंनी त्यांना आपलं घर बांधायला सांगितलं. मनोरमाबेन म्हणजे कॅलिको मिलवाल्या साराभाई घराण्याच्या सून, विक्रम साराभाईंच्या भावजय. पती वारलेले, पदरी दोन मुलगे. त्या काळात जैन घरातल्या विधवा बाईने एवढ्या मोठ्या माणसाकडून स्वतःचं घर बांधून घेतलं, याचं मला बागेपेक्षाही जास्त अप्रूप वाटतं.

१९५५ च्या सुमारास घर उभं राहिलं. विटांच्या समांतर भिंती, त्यांवर कमानदार छतांच्या रांगा आणि त्या छतांवर माती व हिरवळ. दालनं वाऱ्याची दिशा बघून उघडी ठेवलेली. पावसाचं पाणी लांब पडावं म्हणून कडेला पन्हळी. आतल्या फरशीला मद्रासचा काळा दगड. आणि मुलांसाठी गच्चीवरून थेट पोहण्याच्या तलावात उतरणारी घसरगुंडी! उन्हाचा मारा माती झेलते आणि खालच्या खोल्या निवतात, हे त्यामागचं गणित. पण ते छत पहिल्या रेघेपासून माती पेलण्यासाठीच आखलेलं होतं. आपण फोटो बघतो तेव्हा हिरवळ दिसते, तिच्याखालचं बांधकाम दिसत नाही.

गच्चीवरची बाग ही कॉर्बुझिएंची जुनी आवड. नव्या घरबांधणीची जी पाच सूत्रं त्यांनी १९२७ मध्ये मांडली, त्यांत ती होतीच. पण पॅरिसजवळ त्यांनीच बांधलेलं, १९३१ मध्ये पूर्ण झालेलं सावोय कुटुंबाचं घर गळायला लागलं आणि तिथल्या मालकीणबाईंना पत्रांमागून पत्रं लिहावी लागली. नाव कितीही मोठं असो, गळक्या छताखाली बादली ठेवायची वेळ घरातल्या बाईवरच येते.

आता आमच्या गच्चीचा हिशेब सांगते. चार इंच ओल्या मातीचं वजन एका चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो भरतं. आमची गच्ची पंधरा फूट बाय बारा, म्हणजे अडीच-तीन टन! स्लॅब तीस वर्षांपूर्वीचा, पापड-कुरडया वाळवण्यापुरता. इंजिनिअरने आकडा ऐकूनच मान हलवली. हिरवळीचा विषय तिथेच मिटला. उन्हासाठी स्लॅबला पांढरा चुना मारला आणि बागेला बाराच कुंड्या, त्याही भिंतीच्या कडेने, जिथे भार थेट भिंतीवर उतरतो तिथे.

शोभेचे पांढरे गोटे मात्र आणले. उगाच ढीग रचला नाही, तेही वजनच की. कुंडीतल्या मातीवर बोटभर थर दिला. ऊन थेट मातीला लागत नाही, ओल टिकते, पाणी कमी द्यावं लागतं. झारीतलं गाळलेलं पाणी घालताना माती उडत नाही. कुंड्यांखाली बशा ठेवल्या नाहीत, दोन-दोन विटांवर कुंडी उचलून ठेवली. बशीत पाणी साचलं की आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या वळवळतात आणि मग ते पाणी ओतायचं कुठे, तापलेल्या फरशीवर? त्रस जीव होऊच न देणं हा त्यातला सोपा यत्नाचार.

मोगरा, तुळस, गवती चहा, कढीपत्ता आणि दोन कोरफडी एवढं लावून झालंय. उरलेल्या सहा कुंड्या पाऊस सुरू झाल्यावर भरीन. त्याआधी गच्चीच्या पन्हळीच्या तोंडाला जाळी बसवून घ्यायची आहे, गोटे तिथे जाऊन अडकायला नकोत.