चिकातले मँगनीज : एका चुकीचा शंभर वर्षांचा प्रवास (थ्रेड)

जपानी लाखकामाची काळीशार, आरशासारखी भांडी आपण निदान छायाचित्रांत तरी पाहिली असतील. तो लेप म्हणजे उरुशी वृक्षाचा चीक. गंमत अशी की तो कोरड्या उन्हात नीट वाळत नाही. दमट, उबदार कपाटात ठेवला की दगडासारखा कडक होतो. कारागिरांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. कारण मात्र कोणीच सांगू शकत नव्हते.

१८८३ मध्ये हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कारण शोधले. चिकात एक नायट्रोजनयुक्त पदार्थ असतो, तो हवेतील ऑक्सिजनशी चिकाचा संयोग घडवतो आणि चीक तापवल्यास निकामी होतो. म्हणजे 'वाळणे' हा शब्दच फसवा. हे ऑक्सिडीकरण होते.

पुढे पॅरिसमध्ये गॅब्रिएल बर्त्राँने टोंकिनहून, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममधून आलेला चीक तपासला आणि त्यातील विकराला 'लॅकेज' असे नाव दिले. (या नावाचे मूळ आपल्या 'लाक्षा' शब्दापर्यंत पोहोचते. आपली लाख किड्यांची, ही झाडाची. नाव तेवढे एक.)

१८९७ मध्ये त्याने लॅकेज जाळले. राखेत मँगनीज सापडले. मग त्याने लसूणघासातून असाच पदार्थ काढला. त्यात मँगनीज अत्यल्प होते आणि तो जवळजवळ निष्क्रिय होता. त्यात मँगनीजचा क्षार मिसळताच ऑक्सिजन झपाट्याने शोषला जाऊ लागला. बर्त्राँने निष्कर्ष काढला : ऑक्सिजन वाहून नेणारा खरा घटक मँगनीजच. अशा साहाय्यक द्रव्यासाठी त्याने 'को-फर्मेंट' हा शब्द योजला.

युक्तिवाद देखणा होता. मला तर तो आजही पटावासा वाटतो! पण १९०९ च्या सुमारास स्वीडनमध्ये ऑयलर आणि बोलिन यांनी लसूणघासातील तो पदार्थ पुन्हा तपासला. ते विकर नव्हतेच. ते सेंद्रिय आम्लांचे कॅल्शियम क्षार होते. आणि १९३९ मध्ये केंब्रिजच्या कायलिन व मान यांनी चिकातील शुद्ध, निळे लॅकेज वेगळे केले. त्यातला धातू होता तांबे. बर्त्राँ तेव्हा हयात होता, सत्तरी ओलांडलेला.

मात्र मधल्या काळात त्याने मँगनीजचा पिच्छा सोडला नव्हता. वनस्पतींना ते अत्यल्प प्रमाणात का होईना, हवेच, असा आग्रह धरून त्याने ते खतांतूनही देऊन पाहिले. येथे तो बरोबर ठरला. १९२२ मध्ये अमेरिकेतील केंटकी येथे मॅकहार्गने दाखवले की मँगनीज पूर्णपणे वगळले तर रोप पिवळे पडते, वाढ खुंटते. १९३७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पिर्सनने त्याचा संबंध थेट प्रकाशसंश्लेषणाशी जोडला.

बर्त्राँच्या कल्पनेत मँगनीज ऑक्सिजन खर्ची घालत होते. प्रत्यक्षात हिरव्या पानात ते ऑक्सिजन निर्माण करते : प्रकाशाच्या बळावर पाण्यातून चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढून घेते आणि श्वासाचा वायू मोकळा सोडते.

त्या यंत्रणेचे अणूगणिक चित्र २०११ मध्ये मिळाले, तेही जपानमधूनच : चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंचा, वाकड्या खुर्चीसारखा दिसणारा एक लहानसा पुंजका.