इंटेल ४४०बीएक्स चिपसेट : रचना, क्षमता आणि उत्तरायुष्य

नव्वदच्या दशकात संगणक विकत घेणारा ग्राहक तीन प्रश्न हमखास विचारत असे : प्रोसेसर कोणता, मेमरी किती आणि हार्ड डिस्क केवढी? मदरबोर्डवरचा चिपसेट कोणता, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नसे. प्रत्यक्षात मात्र पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या चौथ्यावरच अवलंबून असत. कोणत्या जातीचा प्रोसेसर चालेल, मेमरी कोणत्या वेगाने आणि किती प्रमाणात वापरता येईल, हार्ड डिस्ककडून माहिती किती वेगाने येईल, हे सारे चिपसेटच ठरवीत असे. इंटेल कंपनीने एप्रिल १९९८ मध्ये बाजारात आणलेला ४४०बीएक्स हा त्या काळातील सर्वांत गाजलेला चिपसेट होय. स्वतः इंटेलने नवे चिपसेट आणल्यानंतरही जाणकार ग्राहकांनी त्याला सोडले नाही. त्याचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला असला, तरी त्याची रचना आजही आभासी रूपाने असंख्य सर्व्हरमध्ये वावरते आहे.

चिपसेटचे कार्य

प्रोसेसर हा गणिते करतो, परंतु मेमरी, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क किंवा कीबोर्ड यांच्याशी तो थेट बोलत नसे. या प्रत्येक भागाचा वेग वेगळा आणि विजेच्या संकेतांची पद्धतही वेगळी. त्यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या नियंत्रक चिप्सच्या समूहाला चिपसेट म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी हे काम मदरबोर्डवर विखुरलेल्या डझनावारी लहान चिप्स करीत. पुढे त्यांचे काम मोजक्या मोठ्या चिप्समध्ये एकवटले आणि मदरबोर्ड लहान, स्वस्त व अधिक भरवशाचे झाले.

४४०बीएक्समध्ये प्रमुख चिप्स दोनच आहेत. रचनेच्या आकृतीत प्रोसेसर सर्वांत वर काढला जातो. त्यामुळे त्याच्या लगतच्या चिपला ‘नॉर्थब्रिज’ आणि खालच्या बाजूच्या चिपला ‘साउथब्रिज’ अशी नावे पडली. नकाशात उत्तर दिशा वर असते, तोच हा संकेत.

पूर्वपीठिका

इंटेलच्या ४४० मालिकेतील एफएक्स हा चिपसेट १९९६ मध्ये आला. त्यात एजीपी ही ग्राफिक्ससाठीची स्वतंत्र वाट नव्हती आणि एसडीरॅम ही नव्या जातीची मेमरीही त्यावर चालत नसे. १९९७ मधील ४४०एलएक्सने या दोन्ही उणिवा भरून काढल्या. तथापि प्रोसेसरला बाहेरच्या जगाशी जोडणारी ‘फ्रंट साइड बस’ ६६ मेगाहर्ट्झवरच राहिली. प्रोसेसरचा आतील वेग मात्र झपाट्याने वाढत होता. जानेवारी १९९८ मध्ये आलेला पेंटियम-२ हा ३३३ मेगाहर्ट्झचा होता. म्हणजे बसचा एक ठोका पडेपर्यंत त्याचे स्वतःचे पाच ठोके पडत. मेमरीकडून माहिती येईपर्यंत त्याला ताटकळावे लागे. केवळ प्रोसेसरचा वेग वाढवून ग्राहकाच्या पैशाचा पुरता मोबदला मिळत नव्हता.

नॉर्थब्रिज : ८२४४३बीएक्स

या अडचणीवर ४४०बीएक्सने काढलेला तोडगा म्हणजे १०० मेगाहर्ट्झची बस. ही बस एका ठोक्यात ६४ बिट, म्हणजे ८ बाइट वाहून नेते. त्यामुळे तिची कमाल क्षमता सेकंदाला ८०० मेगाबाइट होते. ६६ मेगाहर्ट्झच्या बसची क्षमता ५३३ मेगाबाइट होती. मेमरीही त्याच १०० मेगाहर्ट्झच्या तालावर चालते. बस आणि मेमरी यांचा ताल एकच असल्याने एकीकडून दुसरीकडे माहिती देताना वेगांचा मेळ घालण्यात वेळ दवडावा लागत नाही. ४४०बीएक्सच्या मेमरी-नियंत्रकाची तत्परता पुढेही वाखाणली गेली, त्यामागील एक कारण हेच. जुन्या प्रोसेसरसाठी ६६ मेगाहर्ट्झची सोयही त्यात कायम होती.

नॉर्थब्रिजला जोडलेली तिसरी वाट एजीपीची. मूळ ६६ मेगाहर्ट्झच्या प्रत्येक ठोक्यात दोनदा माहिती पाठवून ती सेकंदाला सुमारे ५३३ मेगाबाइटचा वेग गाठते. ग्राफिक्स कार्डाला आपली स्वतःची मेमरी कमी पडली, तर संगणकाच्या मुख्य मेमरीतील भाग वापरण्याची मुभा या वाटेने मिळते. चौथी वाट पीसीआयची. तिची रुंदी ३२ बिट, ताल ३३ मेगाहर्ट्झ आणि कमाल क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट.

या चिपसेटवर जास्तीत जास्त १ गिगाबाइट मेमरी वापरता येत असे. मात्र त्यासाठी सर्व्हरमध्ये वापरतात तशा ‘रजिस्टर्ड’ पट्ट्यांची गरज भासे. मेमरीतील चुका ओळखून त्या सुधारणाऱ्या ईसीसी पद्धतीचीही सोय होती. दोन प्रोसेसर एकत्र चालविण्याची क्षमता असल्याने लहान सर्व्हर आणि वर्कस्टेशन यांतही तो वापरला गेला. याच रचनेची एक आवृत्ती लॅपटॉपसाठी होती, तर ४४०झेडएक्स हा कमी सुविधांचा स्वस्त भाऊ होता.

साउथब्रिज : ८२३७१ईबी

‘पीआयआयएक्स-४ई’ या नावाने ओळखली जाणारी दुसरी चिप संथ गतीच्या उपकरणांचा कारभार पाहते. हार्ड डिस्क व सीडी ड्राइव्हसाठी आयडीईच्या दोन वाहिन्या, त्यांवर मिळून चार उपकरणे आणि अल्ट्रा डीएमए-३३ पद्धतीने सेकंदाला ३३ मेगाबाइटपर्यंत वेग. यूएसबीची दोन द्वारे. विजेची बचत साधणारी एसीपीआय व्यवस्था. बंद संगणकातही बॅटरीवर चालणारे घड्याळ. आणि जुन्या कार्डांसाठी आयएसए बस, असा तिचा पसारा आहे. १९८० च्या दशकातील संगणकांत वेगळ्या चिप्सच्या रूपाने असलेले इंटरप्ट-नियंत्रक, टायमर आणि डीएमए-नियंत्रकही हिच्याच पोटात सामावले आहेत. त्यामुळे डॉसच्या काळातील जुने सॉफ्टवेअर तिच्यावर विनातक्रार चालते.

रचनेतील एक मर्यादा येथेच दिसते. साउथब्रिज ही नॉर्थब्रिजला स्वतंत्र वाटेने नव्हे, तर पीसीआय बसनेच जोडलेली आहे. हार्ड डिस्क, यूएसबी, नेटवर्क कार्ड आणि साउंड कार्ड या सर्वांना मिळून त्याच १३३ मेगाबाइटमध्ये भागवावे लागते. इंटेलने १९९९ मधील ८१० चिपसेटपासून ही मांडणी सोडली आणि दोन प्रमुख चिप्समध्ये सेकंदाला २६६ मेगाबाइटची स्वतंत्र जोडणी आणली.

पीसी-१०० चा दंडक

केवळ चिपसेटचा वेग वाढवून भागणार नव्हते. मेमरीच्या पट्ट्याही त्या वेगाला टिकणाऱ्या हव्या होत्या. त्यासाठी इंटेलने पीसी-१०० हे मानक तयार केले. पट्टीवरील तारांची लांबी, संकेतांच्या वेळा यांचे नियम त्यात घालून दिले. पट्टीवरील एका छोट्या चिपमध्ये तिची स्वतःची माहिती नोंदलेली असावी, असाही दंडक होता. संगणक सुरू होताना बायोस ती वाचून मेमरीचा वेग ठरवितो. निरनिराळ्या उत्पादकांच्या पट्ट्या कोणत्याही मदरबोर्डवर चालाव्यात, हा त्यामागचा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांतून सुटे भाग घेऊन संगणक जुळवून घेणाऱ्या ग्राहकाला अशा मानकाचा थेट लाभ होतो. एका उत्पादकाची पट्टी महागली तर दुसऱ्याची घेता येते.

अधिकृत मर्यादेपलीकडे

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याचा ताल ६६ मेगाहर्ट्झच्या बसच्या साडेचार पट, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झ होता. तोच प्रोसेसर ४४०बीएक्सच्या मदरबोर्डवर बसवून बस १०० मेगाहर्ट्झवर नेली, की प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावू लागे. बरेच नग हा ताण सहन करीत आणि किमतीने कितीतरी वरच्या पेंटियम-२ च्या जवळपास कामगिरी देत. अ‍ॅबिट बीएच-६, असूस पी२बी हे मदरबोर्ड त्यामुळे विशेष लोकप्रिय झाले. १९९९ मधील अ‍ॅबिट बीपी-६ वर तर दोन सेलेरॉन एकत्र बसविता येत. सेलेरॉनचा असा वापर इंटेलला अभिप्रेत नव्हता. दुसऱ्या प्रोसेसरचा उपयोग विंडोज-९८ ला करता येत नसे. त्यासाठी विंडोज एनटी, विंडोज २००० किंवा लिनक्स लागे.

अधिकृत मर्यादा १०० मेगाहर्ट्झची असली, तरी अनेकांनी हा चिपसेट १३३ मेगाहर्ट्झवर चालवून पाहिला आणि तो चाललाही. अडचण एजीपीची होती. तिचा ताल बसच्या बरोबरीने किंवा दोन-तृतीयांश ठेवता येत असे. अर्ध्यावर आणण्याची सोय चिपसेटमध्ये नव्हती. परिणामी बस १३३ वर गेली, की एजीपी ६६ ऐवजी ८९ मेगाहर्ट्झवर चाले. काही ग्राफिक्स कार्डे हे सोसत, काही मध्येच बंद पडत. म्हणजे या प्रयोगाचे यश चिपसेटपेक्षा शेजारच्या कार्डावर अवलंबून राही.

रॅम्बसचा अध्याय

४४०बीएक्सचे आयुष्य लांबण्यास त्याच्या गुणांइतकेच त्याच्या वारसदाराचे अपयशही कारणीभूत ठरले. पुढील काळासाठी इंटेलने एसडीरॅमऐवजी रॅम्बस कंपनीच्या आरडीरॅम मेमरीची निवड केली होती. ही मेमरी अरुंद पण अतिशय वेगवान वाटेने सेकंदाला १.६ गिगाबाइट माहिती देऊ शकत असे. परंतु ती कितीतरी पट महाग होती आणि तत्कालीन प्रोसेसरच्या बसला एवढ्या वेगाचा पुरता उपयोग करून घेता येत नव्हता.

या मेमरीसाठीचा ८२० चिपसेट सप्टेंबर १९९९ मध्ये यायचा होता. ऐन वेळी मेमरीच्या तीन खाचा असलेल्या मदरबोर्डांवर माहितीत चुका होत असल्याचे आढळले आणि तो पुढे ढकलावा लागला. नोव्हेंबरमध्ये तो दोन खाचांसह आला. स्वस्त एसडीरॅम वापरता यावी म्हणून त्याच्या जोडीला एक अनुवादक चिप देण्यात आली. तिच्यात दोष निघाला. संगणक अचानक बंद पडणे, पुन्हा सुरू होणे, माहिती बिघडणे असे प्रकार संभवत असल्याने मे २००० मध्ये इंटेलला असे मदरबोर्ड बदलून देण्याची घोषणा करावी लागली. या गोंधळात तैवानच्या व्हिया कंपनीने १३३ मेगाहर्ट्झच्या एसडीरॅमवर चालणारे चिपसेट विकून बाजारातील मोठा हिस्सा मिळविला.

अखेर जून २००० मध्ये इंटेलने ८१५ चिपसेट आणला. त्यात १३३ मेगाहर्ट्झची एसडीरॅम आणि एजीपीचा चौपट वेग होता. परंतु मेमरीची मर्यादा ५१२ मेगाबाइटच होती. दोन वर्षे जुना ४४०बीएक्स या एका बाबतीत नव्यापेक्षा पुढे राहिला. मेमरी उत्पादक आणि ग्राहक यांना परवडेल तेच मानक टिकते, हा या प्रकरणाचा धडा होय. पीसी-१०० मुळे इंटेलने स्वतःच खुल्या केलेल्या बाजारपेठेला रॅम्बसच्या महाग वाटेने नेणे इंटेललाही जमले नाही.

आभासी उत्तरायुष्य

नव्या प्रोसेसरांच्या बस जुळेनाशा झाल्या, तसा ४४०बीएक्स दुकानांतून दिसेनासा झाला. पुढे मेमरी-नियंत्रक प्रोसेसरमध्येच सामावला गेला. एएमडीने ते २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये केले. त्यानंतर नॉर्थब्रिज ही स्वतंत्र चिपच कालबाह्य झाली.

मात्र याच सुमारास एका संगणकावर सॉफ्टवेअरच्या साह्याने अनेक ‘आभासी संगणक’ चालविण्याचे तंत्र रुजत होते. अशा प्रत्येक आभासी संगणकाला एक काल्पनिक मदरबोर्ड द्यावा लागतो. तो ऑपरेटिंग सिस्टीमला ओळखीचा असेल, तर वेगळे ड्रायव्हर लागत नाहीत. व्हीएमवेअरने त्यासाठी ४४०बीएक्सची निवड केली. तिच्या आभासी संगणकांत मदरबोर्डचे नाव ‘४४०बीएक्स डेस्कटॉप रेफरन्स प्लॅटफॉर्म’ असे दिसते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमधील पहिल्या पिढीचे आभासी संगणकही याच चिपसेटचे रूप घेतात. क्यूएमयू हे मुक्त सॉफ्टवेअर त्याच्या थोरल्या भावंडाची, ४४०एफएक्सची, नक्कल करते. अलीकडे नव्या चिपसेटच्या नकला उपलब्ध झाल्या असल्या, तरी जुन्या हद्दपार झालेल्या नाहीत.

अर्थात ही केवळ ओळखपत्राची उसनवारी आहे. मूळ चिपसेटला १ गिगाबाइटपलीकडे मेमरी दिसत नसे. त्याचे आभासी रूप धारण करणाऱ्या सर्व्हरला शेकडो गिगाबाइट मिळू शकतात. १०० मेगाहर्ट्झचा ताल, एजीपीची वाट, मेमरीची चपळाई यांतले काहीही त्यात उरलेले नाही. उरली आहे ती ऑपरेटिंग सिस्टीमशी ठरलेली बोलण्याची रीत. पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी ३५० आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-२ साठी आखलेली ही रीत माहितीकेंद्रांतील आभासी सर्व्हर आजही पाळत आहेत.

दुसरीकडे खरेखुरे ४४०बीएक्स मदरबोर्ड जुन्या संगणकांच्या हौशी संग्राहकांनी जपले आहेत. आयएसए खाचेत डॉसच्या काळातील साउंड कार्ड आणि एजीपी खाचेत विंडोज-९८ च्या काळातील ग्राफिक्स कार्ड एकाच वेळी बसावे, ही सोय त्यावर आहे. मात्र त्याची एजीपी खाच ३.३ व्होल्टची असल्याने केवळ १.५ व्होल्टवर चालणारी नंतरची कार्डे तिच्यात बसत नाहीत. तसेच १९९९ च्या अखेरीस आलेले पेंटियम-३ त्यावर चालवायचे झाल्यास मदरबोर्डचे वीजपुरवठा करणारे सर्किट कमी व्होल्टेज देण्यास समर्थ आहे का आणि बायोस अद्ययावत आहे का, हे आधी तपासून घेणे आवश्यक ठरते.