खेळातील संगीत : लेखन आणि विस्तार

गवयाच्या गळ्यातील चीज कागदावर उतरवावी की नाही, हा वाद आपणांस नवा नाही. बडोद्यास मौलाबक्षांनी आणि पुढे पंडित भातखंडे यांनी स्वरलेखनाचा पुरस्कार केला. कागदावर चिजेचा सांगाडा तेवढा राहतो, प्राण राहत नाही, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणी, व्हिडिओ गेमच्या संगीताच्या चाहत्यांत, पुन्हा उभा राहिला. त्याचा इतिहास मनोरंजक आहे आणि बोधप्रदही.

१९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले. त्याच्यापाशी आवाज होते अवघे पाच : चौकोनी लहरींचे दोन, त्रिकोणी लहरीचा एक, खरखरीचा एक आणि ध्वनिमुद्रित तुकडे वाजविणारा एक. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाचा सारा पसारा, चित्रांसह, ४० किलोबाइटांत बसवावयाचा होता. संगीताच्या वाट्यास त्यातला लहानसा कोपरा आला. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर कोजी कोन्डो यांनी रचलेली धून जगभरच्या मुलांच्या तोंडी बसली. परंतु ही धून यंत्राच्या आज्ञांच्या रूपाने खेळाच्या पोटात दडलेली होती. यंत्र बंद पडले की संगीतही मुके. शिवाय अनेक रचनाकारांची खरी नावे खेळात झळकत नसत. कॅपकॉम कंपनीच्या खेळांत तर टोपणनावेच दिसत. तेव्हा हे संगीत कोणी तरी टिपून ठेवणे अगत्याचे होते.

त्याचे साधन त्याच वर्षी जन्मास आले होते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून वाजविण्यात आली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या या संकेतपद्धतीचे नाव ‘मिडी’. मिडीत आवाज साठविलेला नसतो. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने वाजवावा आणि केव्हा सोडावा, एवढेच त्यात लिहिलेले असते. स्वरांना शून्यापासून १२७ पर्यंत क्रमांक दिले आहेत. १९९१ साली १२८ वाद्यांची क्रमवारही ठरविण्यात आली. म्हणजे मिडी ही यंत्राने वाचावयाची स्वरलिपीच होय.

१९९० नंतरच्या दशकात हौशी मंडळींनी या लिपीत खेळांतील शेकडो धुना कानाने ऐकून उतरविल्या. त्या काळच्या टेलिफोन-जोडणीवरून ४ मेगाबाइटांचे ध्वनिमुद्रण आणावयास दहा मिनिटे लागत. ३० किलोबाइटांची मिडी पाच सेकंदांत हाती येई. पण हे काम कारकुनी नव्हते. आवाज थोडे असल्याने रचनाकार स्वरसंघातील तीन स्वर एकाच आवाजात अतिजलद आळीपाळीने वाजवून एकत्र नादाचा आभास निर्माण करीत. लेखकाने ते स्वर जसेच्या तसे लिहावेत, की रचनाकाराच्या मनातील स्वरसंघ लिहावा? पहिल्याने अक्षर राखले जाते, दुसऱ्याने अर्थ. आणि इतके करूनही एकच मिडी दोन संगणकांवर दोन तऱ्हांनी वाजे, ते निराळेच.

दुसरा पंथ पुनर्रचनेचा, ज्यास रीमिक्स म्हणतात. त्याचा आदर्श खुद्द एका रचनाकाराने घालून दिला होता. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या १९८६ च्या खेळाचे संगीतकार कोइची सुगियामा यांनी आपल्याच धुना वाद्यवृंदासाठी नव्याने रचल्या आणि १९८७ साली टोकियोत त्यांची मैफल झाली. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड लॉइड यांनी ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ हा उपक्रम सुरू केला. मूळ धून ओळखू यावी, परंतु नुसती मिडी घेऊन तिला भारी वाद्यांचा साज चढविलेला चालणार नाही, असा तेथील परीक्षकांचा दंडक. २००८ साली ‘स्ट्रीट फायटर’ मालिकेतील एका जुन्या खेळाच्या नव्या आवृत्तीचे संगीत कॅपकॉमने याच मंडळींकडून घेतले. हौशी लोकांच्या हातचे काम पुन्हा खेळात जाऊन बसले!

मग श्रेष्ठ कोण? आज मूळ यंत्राच्या आज्ञाच उचलून संगणकावर हुबेहूब ऐकविण्याची सोय झाली आहे. त्यामुळे केवळ ऐकण्यासाठी मिडीची गरज उरली नाही, हे खरे. परंतु ऐकणे निराळे आणि वाचणे निराळे. कोणता आवाज काय वाजवितो, खालचा स्वर कोठे सरकतो, हे ज्यास शिकावयाचे आहे, त्यास लिहिलेली धूनच हवी. पुनर्रचनाकारासही पाया तोच. उलट, धून केवळ लिहून ठेवली आणि कोणी नव्याने वाजविलीच नाही, तर ती संग्रहातील वस्तू होऊन बसेल.

लेखकाने पदरचे घालू नये. विस्तारकाने मूळ कर्त्याचे नाव गाळू नये. दोघेही दुसऱ्याच्या ठेवीचे राखणदार आहेत. २०२३ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने कोन्डो यांची मारिओची धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत दाखल केली. खेळातील संगीतास हा मान प्रथमच मिळाला. संस्थांना तिचे मोल उमगण्यापूर्वी कित्येक वर्षे ती जपली, ती या दोन्ही पंथांच्या निनावी रसिकांनी.