गंधर्व मंडळीचा ठेका

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्या विद्वानांनीं नाटककारांची, नटांची व पदांना चाली देणाऱ्या गवयांची नोंद मोठ्या साक्षेपानें ठेविली आहे. 'स्वयंवर' नाटक १९१६ सालीं रंगभूमीवर आलें, त्याचे कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, चाली भास्करबुवा बखले यांच्या, आणि रुक्मिणीची भूमिका बालगंधर्वांची, एवढें कोणीही सुशिक्षित गृहस्थ न अडखळतां सांगेल. परंतु गंधर्व नाटक मंडळीच्या ऐन भराच्या काळांत त्या गाण्याखालीं ठेका कोण धरीत असे, असा प्रश्न केल्यास पुष्कळांना क्षणभर थांबावें लागतें. कांहींना उत्तर आठवतच नाहीं.

आमच्या घरीं आजोबांच्या वेळच्या ध्वनिमुद्रिकांची एक लांकडी पेटी होती. मुद्रिकेच्या मध्यावर चिकटविलेल्या गोल कागदावर गायकाचें नांव असे, पदाचा आरंभ असे, नाटकाचें वा रागाचें नांव असे. तबलजीचें नांव नसे. त्या काळच्या मुद्रिकांचा हा सर्वसाधारण रिवाजच होता, तेव्हां त्याबद्दल कोणा एका कंपनीला बोल लावण्यांत अर्थ नाहीं. पण रिवाजाचा परिणाम मागें उरतोच. ज्याचें नांव कागदावर नाहीं त्याचें काम कानालाही हळूहळू ऐकूं येईनासें होतें.

हें काम काय होतें तें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें तेव्हां गाण्याचा बहुतेक भार सूत्रधारावर असे. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' उभें केलें व पात्रें आपलीं पदें आपण म्हणूं लागलीं. त्या पदांत साकी, दिंडी यांसारख्या वळणाचा भरणा मोठा. शब्द ऐकूं जावा, कथा पुढें सरकावी, एवढी त्या गाण्याची अपेक्षा असे, आणि ताल धरणाऱ्याचें काम त्याच मानानें सोपें होतें. १९११ सालच्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनीं पूरबकडील ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली आणल्या. १९१३ सालीं गंधर्व मंडळी निघाली. नंतर तीन वर्षांनीं भास्करबुवांनीं 'स्वयंवरा'त ख्यालाच्या चिजांचा भारदस्तपणा पदांत उतरविला. एका पिढीच्या आंत नाटकाचें पद साकी-दिंडीच्या अंगणांतून मैफलीच्या दिवाणखान्यांत येऊन बसलें.

अशा गाण्याला मैफलीचाच तबला हवा होता. तो अहमदजान थिरकवा यांच्या रूपानें मंडळीला लाभला.

खांसाहेबांचा जन्म मुरादाबादचा. वाद्य घरांतलेंच होतें, परंतु त्यांची खरी तालीम मुंबईस मुनीर खां यांच्या हाताखालीं झाली. मुनीर खां फरुखाबाद घराण्याचे म्हणून ओळखले जातात, तरी त्यांच्या संग्रहांत अनेक घराण्यांचें धन होतें. 'थिरकवा' हें आडनांव नव्हे. मुनीर खांच्या वडिलांनीं, काळे खांनीं, या मुलाचीं बोटें तबल्यावर थिरकतांना पाहून तें कौतुकानें ठेविलें, असें सांगतात. दिल्लीच्या बाजांतील बोटांची सफाई आणि पूरबच्या बाजांतील खुला, घुमणारा नाद, दोन्ही त्यांच्या हातांत एकत्र नांदत होतीं. एकट्या तबल्याची मैफल तासन् तास रंगविणारा हा पुरुष नाटकमंडळींत रंगमंचाच्या पायथ्याशीं बसून पदांना साथ करी.

त्या पायथ्याशीं आणखी कोण बसत असे तेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. आतां या दोन वाद्यांचा स्वभाव पाहावा. सारंगीचा सूर गजाबरोबर वाहत जातो, आणि ऑर्गनचा सूर पट्टी दाबून धरली तोंवर टिकतो. दोन्हींचा धर्म सलग नादाचा आहे. त्यांच्यावर बालगंधर्वांचा गळा, तोही अखंड आणि मिंडेचा. या तिन्ही धारा एकत्र मिसळल्या म्हणजे गाणें मधुर होईल खरें, परंतु त्याला कडा राहणार नाहींत. मात्रा कोठें संपली व कोठें सुरू झाली हें सांगणारें, आघातानें बोलणारें वाद्य त्या मेळांत एकच होतें. म्हणून मंडळीच्या वाद्यमेळाचा स्पष्टपणा सर्वस्वी तबल्यावर अवलंबून होता असें आम्ही मानतों.

हा आघात कठोर असता तर त्या मेळाचें मार्दव गेलें असतें. थिरकवा यांचें वैशिष्ट्य येथेंच होतें. त्यांच्या किनारीचा 'ना' काचेवर नखानें टिचकी मारावी तसा स्वच्छ, पण बोचणारा नव्हे. आणि डग्ग्यावर मनगटाचा दाब कमीजास्त करून काढलेली घुमक गात्या गळ्याच्या जवळची. दायां गायकाच्या षड्जाला बिनचूक मिळविलेला असला म्हणजे प्रत्येक आघाताबरोबर तो षड्जही पुनः पुनः ऐकूं येतो. तबला ताल देतो हें सर्वांस ठाऊक आहे. तो सूरही देतो, हें आमच्या संगीतप्रेमी कुटुंबांतूनही फारसें बोललें जात नाहीं.

बालगंधर्वांच्या गाण्यांतील लय हा तर स्वतंत्र विषय आहे. ते शब्द ठोकळ्यासारखा मात्रेवर ठेवीत नसत. कधीं तो किंचित् मागें रेंगाळे, कधीं पुढच्या शब्दाला बिलगून जाई, आणि समेवर मात्र अशा सहजतेनें येऊन उतरे कीं ऐकणाऱ्याची मान आपोआप हलावी. असें लडिवाळ रेंगाळणें केव्हां साधतें? खालचा ठेका अढळ असेल तेव्हां. तबलजी गायकामागें धांवूं लागला तर दोघेही वाहून जातात. हट्टानें घड्याळासारखा ठोकीत बसला तर गाणें करकचून बांधलें जातें. थिरकवा यांचा ठेका स्थिर असून सैल होता. खजिन्यांत शेंकडों कायदे-गती असलेल्या या वादकानें पदाच्या साथींत त्यांतलें फार थोडें खर्च केलें, ही गोष्ट जुन्या श्रोत्यांच्या सांगण्यांत वारंवार येते. कडवें संपून गायक धृवपदाकडे वळला म्हणजे समेपूर्वी चार बोलांचा एखादा मुखडा, केरव्याच्या शेवटीं थोडी लग्गी, कीं पुन्हां ठेका. नाटकांत 'वन्स मोअर' पडत, तेंच पद एका रात्रीं दोनतीनदां होई, आणि बालगंधर्व दर वेळीं त्याला निराळें सजवीत. त्या निराळेपणाला आधार म्हणून जी गोष्ट बदलत नसे ती ठेका.

असाच एक दाखला सातासमुद्रांपलीकडचा आठवतो. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत कॅन्सस सिटी येथें काउंट बेसी यांचा जॅझ वाद्यवृंद पुढें आला. त्यांतील ढोलवादक जो जोन्स यानें ताल राखण्याचा भार पायानें वाजविण्याच्या मोठ्या ढोलावरून काढून झांजांच्या जोडीवर आणला. ढोलाची धडधड कमी होतांच खालचे खर्जाचे तंतुवाद्य व गिटार ऐकूं येऊं लागलीं, आणि सबंध वृंद जणूं जमिनीवरून बोटभर उचलला गेला. दोन संगीतांत साम्य शोधण्याचा आमचा हेतु नाहीं. तीं मुळांतच भिन्न आहेत. तालाचा मालक काय वाजवितो याइतकेंच तो काय वाजवीत नाहीं यानें मेळाचा नाद ठरतो, एवढें मात्र दोन्हींकडे दिसतें.

यावर एक आक्षेप येईल, व तो अगदींच टाकाऊ नाहीं. बालगंधर्व कोणाच्याही साथीनें बालगंधर्वच राहिले असते, मग तबलजीला एवढें श्रेय कशासाठीं? गायकाची प्रतिभा तबल्यानें निर्माण केली असें आम्ही म्हणत नाहीं. पण 'गंधर्व गायन' म्हणून ज्याची स्मृति महाराष्ट्रानें जपली आहे तें नुसतें गळ्याचें गाणें नव्हे. तें गळा, ऑर्गन, सारंगी आणि तबला मिळून झालेलें एक वातावरण आहे. त्यांतून गळा तेवढा उचलूं गेल्यास काय होतें तें आज कोणत्याही नाट्यसंगीताच्या स्पर्धेंत पाहावयास मिळतें. मुलें-मुली हरकती न् हरकती घोटून येतात. खालीं तबलजी ध्वनिवर्धकाच्या बळावर प्रत्येक रिकाम्या जागेंत तुकडा भरीत असतो. गायिकेला शब्द रेंगाळवावयास जागाच उरत नाहीं, आणि परीक्षक मात्र तिच्या गळ्यांतील दोष काढतात! गेल्या वर्षीं आम्हीं आमच्या एका विद्यार्थिनीस एक जुनी मुद्रिका ऐकवली व गाण्याकडे लक्ष न देतां केवळ तबला ऐकावयास सांगितलें. तीन साडेतीन मिनिटांची ती बाजू तिनें चार वेळां ऐकली. मग म्हणाली, "सर, हे तर जवळजवळ कांहींच वाजवीत नाहींत." आम्ही म्हटलें, आतां गाणें ऐक.

मुद्रिकांबद्दल एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आरंभींचें ध्वनिमुद्रण कर्ण्यांतून होई व त्यांत डग्ग्याचे खालचे स्वर फारसे उमटत नसत. १९२५ च्या सुमारास परदेशांत विद्युत्-ध्वनिमुद्रण सुरू झालें, तें पुढें आपल्याकडे आलें, तेव्हां तबला जरा अंगानें भरला. म्हणून जुन्या मुद्रिकेंतील किरट्या आवाजावरून नाटकगृहांतील घुमक किती होती याचा अंदाज बांधूं नये.

बोलपट आले आणि नाटकमंडळ्यांचे दिवस फिरले. थिरकवा पुढें रामपूर दरबारीं राहिले व नंतर लखनौस भातखंडे यांच्या नांवानें चालणाऱ्या संगीत महाविद्यालयांत शिकवूं लागले. १९७० सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें, आणि १९७६ सालीं लखनौ येथें ते निवर्तले. निखिल घोष, लालजी गोखले यांनीं त्यांचा तबला पुढें नेला. आग्रा घराण्याचे गायक व 'गुणीदास' या नांवानें चिजा बांधणारे जगन्नाथबुवा पुरोहित यांनींही तबल्याची तालीम त्यांच्याजवळच घेतली होती.